पांढरा पडलेला प्लग

अल्ताफ शिकलगार माझ्या पहिल्यांदा लक्षात आला तो आठवी ‘ब’च्या वर्गात. जूनपासून तो त्या वर्गात बसत होता, हजेरीला ‘हजर सर’ म्हणत होता, पण साठ मुलांतले काही चेहरे शिक्षकाच्या डोळ्यांत दिवाळीपर्यंत उतरतच नाहीत. त्या दिवशी मी ज्वलनाचा धडा घेत होतो. टेबलावर मेणबत्ती लावली आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला. ज्योत बारीक होत विझली. “का विझली?” असं विचारल्यावर “हवा संपली!” असा गलका झाला. मी खूश होऊन फळ्यावर लिहिलं, ‘हवा जितकी जास्त, तितकं ज्वलन चांगलं.’

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “सर, हवा जास्त झाली तरी इझतंय की.”

वर्ग हसला. उभा राहिलेला मुलगा काटकुळा होता, सदऱ्याची वरची गुंडी वेगळ्याच रंगाची. मी म्हणालो, “कुठं बघितलंस हे?”

“उद्यमनगरात, चाच्याच्या वेल्डिंगच्या दुकानात. हवेचा कॉक लई सोडला की ज्योत फट्कन उडती.”

त्याचं म्हणणं खरं होतं. मी विज्ञानाचा शिक्षक, मला ते कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण तास संपत आला होता आणि फळ्यावरचं पुसून पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला. “पुस्तकात आहे तेवढं सांगायचं. बस खाली,” मी म्हणालो. तो बसला. दहावीपर्यंत त्यानं माझ्या वर्गात पुन्हा कधी हात वर केला नाही.

दहावी झाल्यावर तो एका मिस्त्रीच्या हाताखाली लागला आणि काही वर्षांनी शिवाजी पेठेतल्या तालमीशेजारच्या बोळात त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे दहा बाय दहाचा गाळा आणि पुढं पत्र्याची सावली. माझी शंभर सीसीची गाडी तेव्हापासून त्याच्याच हातात. मी गेलो की तो हातातला पाना खाली ठेवून उभा राहायचा. चाळिशीचा झाला, दाढीत पांढरे केस आले, तरी उभा राहायचाच. “बस रे,” म्हणालो की म्हणायचा, “सर उभं असताना कसा बसू?”

त्याची एक पद्धत होती आणि पेठेत ती सगळ्यांना माहीत होती. ट्युनिंग केलं की तो गाडी लगेच ताब्यात द्यायचा नाही. “रंकाळ्याला एक चक्कर मारून या,” म्हणायचा. गिऱ्हाईक परत आलं की इंजिनाचा प्लग काढून, फडक्यात धरून त्याच्या डोळ्यांसमोर न्यायचा. “बघा. भाजलेल्या शेंगंच्या टरफलागत रंग आला पायजे. काळा आला तर पेट्रोल जास्त. पांढरा आला तर हवा जास्त. काळी गाडी खिसा जाळती, पांढरी गाडी इंजिन जाळती.” गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळो न कळो, प्लग बघितल्याशिवाय त्याची सुटका नसायची. कुणी घाई केली तर अल्ताफ म्हणायचा, “डॉक्टर जीभ बघितल्याबिगर सोडतोय व्हय?”

आता मी काय केलं ते सांगतो.

सकाळी रंकाळ्यावर आम्ही चार-पाच निवृत्त माणसं फिरायला जातो. त्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गणपतराव आहेत. त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज हा त्यांचा आवडता विषय. गेल्या डिसेंबरात ते मला म्हणाले, “आमची लिटरला सत्तर देती. तुमची?”

“पंचावन्न.”

“पंचावन्न? मग सर, गाडी कशाला म्हणतासा तिला? हत्ती पाळलायसा की!”

सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसणं माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पेट्रोलचं साधं गणित जमू नये, हे काही मला रुचलं नाही. त्याच आठवड्यात मी अल्ताफकडे गेलो.

तो त्या दिवशी फार आनंदात होता. मी गाडी उभी करायच्या आत म्हणाला, “सर, बातमी हाय. विजयसिंहदादांच्या डेअरीच्या गाड्या मला मिळणार बहुतेक. अठरा गाड्या! वर्षाचं काम.”

विजयसिंहांची पेठेत दुधाची डेअरी आहे. त्यांची माणसं पहाटे मोटारसायकलींना कॅन अडकवून घरोघर दूध घालतात. हे काम मिळणं म्हणजे अल्ताफला काय होतं, ते मला माहीत होतं. नव्या गाड्यांना हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच नसतो, सगळं काँप्युटरवर, त्यामुळे लोक कंपनीच्या वर्कशॉपला जातात. त्याच्या दारात आता माझ्यासारख्यांच्या म्हाताऱ्या गाड्या तेवढ्या यायच्या. महिन्यातले निम्मे दिवस तो रिकामा बसायचा. डेअरीच्या गाड्या मिळाल्या तर दुकान टिकणार होतं, नाहीतर कुलूप लावायची वेळ होती. “पुढच्या महिन्यात दादा सोत्ता दुकान बघायला येणार हायत,” तो म्हणाला.

“छान, छान,” मी म्हणालो आणि माझ्या विषयावर आलो. “अल्ताफ, हिचं ॲव्हरेज वाढव. सत्तर पाहिजे.”

“सर, पंचावन्न देती म्हंजे तब्येत झकास हाय तिची. म्हातारीला पळवू नगासा.”

“पळवायचं नाही रे. हवा वाढव, पेट्रोल कमी कर. सोपं आहे.”

“तापंल, सर.”

“कशी तापेल? ज्वलन कुणी शिकवलं तुला? आठवीत मीच शिकवलं ना?”

शेजारच्या बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. अल्ताफच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.  “व्हय सर,” तो म्हणाला आणि गाडीशी उकिडवा बसला. कार्बोरेटर खोलून त्यानं आतली सुई एक घर खाली घेतली, पेट्रोल कमी सोडणारा लहान जेट घातला, हवेचा स्क्रू फिरवला. गाडीचा आवाज पातळ झाला. तो चक्कर मारून या म्हणाला, तेव्हा मी बँकेत जायचंय असं सांगितलं. प्लग बघायचा राहिला.

“सर, लांब नेऊ नगासा,” मी किक मारताना तो म्हणाला. “गावातल्या गावात ठेवा. आठ दिवसांनी प्लग दाखवून जावा.”

शाळेत शिपायानं काही निरोप आणला की मी कागदावरची नजर न काढता मान हलवायचो. तशी मी मान हलवली.

गाडी सहासष्ट द्यायला लागली. ते मी गणपतरावांना सांगितलं, दोनदा सांगितलं. आठ दिवस होऊन गेले, महिना होत आला, मी प्लग दाखवायला गेलो नाही. तो जुनं सेटिंग करून ठेवेल अशी मला धास्ती होती.

जानेवारीत मी आणि माझी बायको गाडीवरून बिद्रीला निघालो. तिथं माझी थोरली बहीण राहते, आक्का. तिच्याकडे जेवण होतं. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर होते, एकामागं एक. त्यांच्या पुढं जायचं म्हणून मी इस्पुर्लीच्या पुढं गाडी जोरात घेतली. गाडीचा जोर कमी होतोय असं वाटलं, मी मूठ आणखी पिळली. आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागचं चाक अडकलं, गाडी घसरली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पडलो. माझा गुडघा खरचटला. हिचा उजवा हात मनगटात मोडला.

मागून येणारा टेंपोवाला थांबला. “पावणं, लागलं काय हो? मावशी, हात हलवू नगा,” म्हणत त्यानं आम्हाला उठवलं, गाडी टेंपोत चढवली. वाटेत हिला दवाखान्यात सोडलं. आमचा भाचा तिथं आला तेव्हा मी त्याला तिच्यापाशी बसवलं आणि त्याच टेंपोतून गाडी घेऊन अल्ताफकडे गेलो. मी तिच्यापाशी थांबायला हवं होतं. पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

बोळात शिरलो तर पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून विजयसिंह बसले होते. पुढं चहाचे कप. अल्ताफनं गाळा झाडून, हत्यारं भिंतीवर ओळीनं लावून ठेवली होती. तो कुठला दिवस आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी बोललो.

“हे बघ तुझं काम! चालत्या गाडीत इंजिन जाम झालं. बाईंचा हात मोडला. माणूस मारशील एक दिवस!”

अल्ताफ धावत टेंपोपाशी आला. “बाई कुठं हायत? जास्त लागलं काय?”

“दवाखान्यात. तुझ्या ट्युनिंगनं दवाखान्यात!”

त्यानं गाडी उतरवून घेतली. पाना लावला आणि प्लग काढला. मी जवळ उभा होतो, मला दिसला. खडूसारखा पांढरा होता. इतकी वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती. अल्ताफनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि प्लग मुठीत धरला.

विजयसिंह खुर्चीतून उठले. “काय झालं रं अल्ताफ?”

त्यानं खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय. मी कबूल केलं असतं असं मला वाटतं. पण ते मला तपासून बघायला मिळालं नाही, कारण तो म्हणाला, “माझ्याकडनं चुकलं, दादा. सेटिंग चुकलं.”

मी गप्प बसलो.

“सरांच्या गाडीची ही गत करतोस,” विजयसिंह म्हणाले, “तर आमची पोरं पहाटे अंधारात दूध घेऊन फिरत्यात, त्यांचं काय करशील मर्दा?” त्यांनी चहा अर्धा सोडला, मला “बाईंना जपा सर,” म्हणाले आणि गेले.

अल्ताफनं इंजिन उतरवलं, उद्यमनगरातून बोअर करून आणलं, नवा पिस्टन घातला आणि आठवड्यात गाडी दारात आणून लावली. पैशाचं नाव काढलं तर मागं सरला. “बाईंचा हात बरा झाला की झालं,” म्हणाला आणि चालत परत गेला. प्लग नवा होता. सेटिंग त्यानं पूर्वीचं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, सुलतानबी, घरी आली. सत्तरीची बाई, गुडघे धरून आमचा जिना चढली. पदराखाली स्टीलचा डबा. “बकऱ्याच्या पायाचं सूप हाय, बाई. हाड लौकर जुळतंय. तिखट न्हाई घातलेलं,” ती हिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, पोरावर राग धरू नगासा. त्येला झोप न्हाय. सरांनी मला शिकवलं आनि मी त्यांच्या बाईचा हात मोडला, असं म्हनतंय.”

ती गेल्यावर हिनं डाव्या हातानं डब्याचं झाकण काढलं. वाफ आली. “तुम्हीपण घ्या थोडं,” ती म्हणाली.

“नको.”

“अहो, काय झालंय तुम्हाला? आठवडाभर जेवणावर लक्ष नाही.”

मी तिला सगळं सांगितलं. हवा, पेट्रोल, गणपतराव, न दाखवलेला प्लग, विजयसिंह. ती ऐकत होती. रागावली नाही, ते जास्त जड गेलं. शेवटी एवढंच म्हणाली, “त्या म्हातारीला जिना चढायला लावलात तुम्ही.” आणि थोड्या वेळानं, “मग इथं काय बसलाय? विजयसिंहांकडे जा की.”

मी लगेच गेलो नाही. आज गुडघा दुखतोय, उद्या बँक आहे, परवा अमावास्या आहे. विद्यार्थ्यांनी गृहपाठ न करण्यासाठी दिलेली सगळी कारणं मी आयुष्यभर ऐकली होती. ती सगळी मी त्या दिवसांत वापरली. अकराव्या दिवशी डेअरीत गेलो.

विजयसिंहांनी गल्ल्यावरून उठून मला खुर्ची दिली, मसाला दूध मागवलं. मी म्हणालो, “अल्ताफची चूक नव्हती. हवा वाढव म्हणून मीच बळजबरी केली. त्यानं मला सांगितलं होतं, तापेल म्हणून. लांब नेऊ नका म्हणूनही सांगितलं होतं.”

ते ऐकून घेत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. “सर, तुम्ही म्हंजे देवमाणूस. विद्यार्थ्याच्या अंगावर पांघरूण घालायला इथवर आलासा.”

“पांघरूण नाही हो. घडलं ते सांगतोय.”

“आसू द्या की. तुमच्यासारखं शिक्षक आता कुठं राहिलेत?” त्यांनी डेअरीतल्या एका माणसाला हाक मारली. “बघ रं, ह्याला म्हणत्यात गुरुजी!”

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. तेव्हा ते जरा गंभीर झाले. “बरं, तुमचंच खरं धरू या, सर. पण मग मला सांगा, गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून जो इंजिन बिघडवतोय, तो मिस्त्री कसला? उद्या माझी पोरं सांगतील, हवा वाढव. ऐकणार त्यांचं?”

“ती त्याची शिक्षक नाहीत,” मी म्हणालो.

त्यांनी दुधाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “आन् आता करार झाला, सर. राजारामपुरीतल्या एका वर्कशॉपला दिलं काम. चार दिवस झालं. जरा आधी आला असतासा तर बघितलं असतं.”

दूध मी प्यायलो. न पिता उठणं त्यांना अपमानासारखं वाटलं असतं. एवढं करून मला तेवढं भान होतं.

तिथून तसाच अल्ताफकडे गेलो. तो एकटाच होता, एका जुन्या गाडीची साखळी रॉकेलमध्ये धूत होता. मला बघून उठला. मी विजयसिंहांकडे गेल्याचं सांगितलं.

“कशाला गेलासा, सर?” तो खरोखर कळवळून म्हणाला. “लोकांनी काय म्हणायचं तुम्हाला?”

“अल्ताफ, चूक माझी होती. तुला माहीत आहे. त्या दिवशी का बोलला नाहीस?”

त्यानं हात फडक्याला पुसले.  “तुम्ही मोठ्यानं बोलत हुतासा. दादा हुते, टेंपोवाला हुता, बोळातली माणसं हुती. सगळ्यांच्या म्होरं सरांना खोटं पाडू व्हय?” मग म्हणाला, “आन् चूक माझी बी हायच की. गिऱ्हाईक काय बी सांगंल. स्क्रू फिरवणारा हात माझा हुता. न्हाय म्हणायला पायजे हुतं.”

“मी तुला नाही म्हणू दिलं नाही.”

“तेबी खरं हाय,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याविरुद्ध जाणारं माझं एवढंच एक म्हणणं त्यानं मान्य केलं.

मला आठवी ‘ब’ आठवत होती. ती त्याला आठवते का, हे मी विचारलं. तो हसला. “ज्योत उडती, ते? आठवतंय की. त्या दिवशी घरी जाऊन चाच्याला सांगितलं, सर न्हाय म्हणत्यात. चाच्या म्हणाला, सरांनी वेल्डिंग बघितलं नसंल.”

मी त्याला म्हणालो, त्या दिवशी तू बरोबर होतास. तो खाली बघायला लागला, कानापर्यंत लाल झाला, चाळिशीचा माणूस. मग त्यानं स्टूल फडक्यानं पुसून माझ्यापुढं ठेवलं. “बसा सर. चहा सांगतो.” मी बसलो. तो बसला नाही.

पाडव्यानंतर त्यानं गाळा मालकाला परत दिला. मी आमच्या माजी विद्यार्थ्यांत, रंकाळ्यावर, ओळखीपाळखीच्या सगळ्यांत त्याच्यासाठी शब्द टाकला. गणपतरावांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांनी दोन दिवस हत्तीचा विषय काढला नाही, एवढाच त्याचा उपयोग झाला. अल्ताफच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हिचा हात जुळला, पण पोळी लाटताना मनगट अजून दुखतं. दुखलं की ती काही म्हणत नाही, फक्त लाटणं ठेवून हात झटकते. मी तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर येतो.

माझी गाडी अल्ताफ रविवारी त्याच्या घराच्या दारात बघतो. मी रंकाळ्याला चक्कर मारून येतो. तो प्लग काढून, फडक्यात धरून माझ्यापुढं नेतो आणि मी नीट वाकून बघतो. टरफलासारखा रंग असतो. गाडी पंचावन्न देते.

राजारामपुरीतल्या ज्या वर्कशॉपला डेअरीच्या गाड्यांचं काम मिळालं, तिथंच अल्ताफ आता नोकरीला आहे. निळा गणवेश आहे, खिशावर नाव शिवलेलं आहे. विजयसिंहांच्या अठराही गाड्या त्याच्याच हाताखालून जातात. सकाळी साडेनऊला त्याची हजेरी लागते, आणि शुक्रवारी दुपारी नमाजासाठी तासाभराची सुटी मिळते.